इंटरनेटचा पूर्ण वेग मिळतोय का, हे कसं तपासावं

नेट हळू वाटलं की मोठा प्लॅन घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आधी मोजा.

बिल काढा. जाहिरातीतला ५९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ७०७ रुपयांना पडतो. 'अनलिमिटेड'खाली बारीक अक्षरात बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. साध्या घराला ती पुरून उरते. वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो, डाउनलोड मात्र मेगाबाइटमध्ये दिसतं. म्हणून प्लॅनच्या आकड्याला ८ ने भागा. १०० मेगाबिटचा प्लॅन असेल तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट हेच बरोबर, त्यावरून भांडू नका.

आता मोजणी. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. कंपनी वेग विकते तो फायबरची वायर ज्या डब्यात शिरते तिथपर्यंतचा. दोन भिंतींपलीकडे फोनवर केलेली स्पीड टेस्ट (वेग मोजणारी साइट किंवा अ‍ॅप) वायफाय मोजते, लाइन नाही. म्हणून लॅपटॉप लॅन केबलने थेट त्या डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही नेटवरून काढा आणि मग मोजा.

आणि आधी ती केबल नीट बघा. मी १०० वरून २०० च्या प्लॅनवर गेलो तरी आकडा ९४ च्या पुढे सरकेना. दोन महिने तक्रारी केल्या, माणसं येऊन गेली, राउटरही बदलून झाला. शेवटी केबलचा जॅक खिडकीपाशी उजेडात धरला, तर पारदर्शक प्लास्टिकमधून आठऐवजी चारच तारा दिसल्या. चार तारांवरून १०० च्या वर वेग जातच नाही. प्लॅन मोठा असूनही आकडा ९४-९५ ला चिकटून बसत असेल, तर लाइनला दोष देण्याआधी केबल आणि दोन्ही टोकांचे पोर्ट तपासा. आठ तारांची 'कॅट ५ई' केबल आणि गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचे, पोर्ट हवेत. हे न पाहता प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

टेस्ट तीनदा करा: सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला. रात्रीची सर्वांत महत्त्वाची. फायबरची एक लाइन स्प्लिटरमधून, म्हणजे लाइनला फाटे फोडणाऱ्या डबीतून, ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते आणि त्या सगळ्यांमध्ये मिळून साधारण अडीच गिगाबिट असतात. पुढे छोटी कंपनी मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) घेते, तीही सगळे एकाच वेळी वापरणार नाहीत या हिशेबाने. तो हिशेब कोलमडतो तो रात्रीच.

टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा तुमच्याच कंपनीचा असतो. तिथला आकडा छान येणारच, कारण डेटा त्यांच्या जाळ्याबाहेर गेलेलाच नसतो. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला सर्व्हर स्वतः निवडा. 'यूट्यूब चालतंय ना, मग लाइन चांगली आहे,' हेही मानू नका. त्या व्हिडिओंचा साठा बऱ्याचदा कंपनीच्या जाळ्यातच ठेवलेला असतो.

तारेवर पूर्ण वेग मिळाला, तर राउटर कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा आणि जवळच्या खोलीत राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा.

नाही मिळाला, तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार सुटली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो.