मुकुटातल्या एलईडीला बटण सेलऐवजी काय?
नागपुरात रामनवमीच्या शोभायात्रेत मुकुटातले दिवे अर्ध्या वाटेतच मंदावतात, कारण सीआर 2032 बटण सेल जेमतेम 220 मिलीअँपिअर-तास क्षमतेचा. दहा पांढरे एलईडी 150 मिलीअँपिअर ओढतात. तेवढा प्रवाह या सेलला झेपतच नाही. तीन एए अल्कलाइन सेलचा, स्विचवाला डबा घ्या: 4.5 व्होल्ट, सहा-सात तास निघतात.

पण थेट जोडू नका! बटण सेलचा अंतर्गत रोधच प्रवाह आवरत होता. तो गेला की एलईडी जळतात. प्रत्येक एलईडीला वेगळा 100 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा रोधक) लावा. पॉवर बँक नको, एवढ्या कमी प्रवाहावर बऱ्याचशा आपोआप बंद पडतात. डबा कमरेला बांधा, वायर मानेपाशी थोडी सैल सोडा, नाहीतर मान वळवली की वायरचा सोल्डरचा टाका तुटतो. लिथियम पाऊच सेल (मऊ पाकिटातला) मात्र आपल्या उन्हात डोक्यावर नकोच.