केबिन ते केबिन ट्रेक: मित्रांबरोबर निघताना या चुका टाळा

तंबू वाहायचा नाही, सॅक हलकी, संध्याकाळी डोक्यावर छप्पर आणि कोरडं अंथरूण. डोंगरातल्या केबिनमधून केबिनकडे चालत जाण्याची ओढ याच सोयीमुळे वाटते, आणि बऱ्याच चुकाही तिच्यातूनच होतात. तंबू घेऊन निघालेला माणूस थकला की सपाट जागा बघून थांबतो. पुढच्या केबिनचं बुकिंग ज्याच्या हातात आहे तो थांबत नाही. पाऊस लागो की कुणाचा गुडघा धरो, तो रेटत राहतो. म्हणून बुकिंग करायच्या आधीच ते मोडायची वेळ आली तर काय करायचं, हे ठरवून ठेवा.

फक्त किलोमीटर मोजून दिवस आखणं

‘रोज चौदाच किलोमीटर आहेत’ हे वाक्य फार फसवं आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली मांडलेला हिशेब आजही कामाला येतो: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला वर आणखी एक तास. म्हणजे 14 किलोमीटर आणि 1200 मीटर चढ असेल तर पावणेपाच तासांच्या आसपास. हा झाला चांगल्या वाटेवर न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा वेळ. पाच-सहा जणांचा ग्रुप, पाठीवर सॅक, खाणं, फोटो, मोठमोठ्या दगडांतून उतरणं हे सगळं धरून त्यात निम्मी भर घाला. आता सात तास झाले. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर जे तास लिहिलेले असतात, त्यांतही विश्रांती धरलेली नसते.

सर्वांत लांब टप्पा पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवू नका. तोवर अंग चालण्याला सरावलेलं नसतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या सगळ्यांत जास्त बोलतात. आल्प्समधल्या मों ब्लां शिखराभोवतीची प्रदक्षिणा साधारण 170 किलोमीटरची, चढाई सगळी मिळून 10,000 मीटरच्या घरात. अशा वाटेवर मध्ये एक मोकळा दिवस नसेल तर एक पावसाळी सकाळ सगळं वेळापत्रक कोलमडवते. प्रत्येक टप्प्याच्या नकाशावर तीन खुणा करून ठेवा: कुठपर्यंत परत फिरणं सोपं आहे, दरीत उतरणारी वाट कुठे फुटते, आणि मध्ये दुसरा निवारा कुठे आहे.

पुढचे पुढे, मागचा मागे

मित्रांच्या ग्रुपमध्ये सर्वाधिक नुकसान या एका सवयीनं होतं. पुढचे दहा मिनिटं निवांत बसलेले असतात. मागचा धापा टाकत येतो, सॅकचा पट्टा सोडतो, पाण्याची बाटली तोंडाला लावतो, तोवर पुढचे उठून सॅक पाठीवर घेतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दिवसभर हे चाललं की दुपारनंतर तो बोलेनासा होतो, आणि चूक पाऊल पडतं ते तेव्हाच.

उपाय साधे आहेत. विश्रांती शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा. सावकाश चालणाऱ्याला शेवटी नको, दुसऱ्या नंबरवर ठेवा म्हणजे वेग आपोआप त्याचा होतो. शेवटी अनुभवी माणूस असू द्या. सावकाश चालणाऱ्याच्या सॅकमधलं जड सामान वाटून घ्या, आणि तो मागेल याची वाट बघू नका, कारण तो मागत नाही. वाटेला फाटा फुटला की सगळे जमल्याशिवाय कुणीही हलायचं नाही.

आणि निघण्याआधी एकदा मोकळेपणानं बोला. कुणाला वेगात चालायचंय, कुणाला फुलं-पक्षी बघत जायचंय, कुणाला कड्यालगतच्या अरुंद वाटेची भीती वाटते. माझं ठाम मत आहे की परत फिरायचं की नाही, यावर मतदान नको. एकानं मनापासून ‘नको’ म्हटलं तर तेवढं पुरे. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, त्यांतला एक सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

पायाची तक्रार संध्याकाळवर ढकलणं

टाचेला थोडं गरम लागलं, चुरचुरलं, की तिथेच थांबा. फोड अजून आलेला नसतो. बूट काढून, कातडी कोरडी करून चिकटपट्टी लावायला पाच मिनिटं पुरतात. तेच दोन तासांनी केलं तर पुढचे चार दिवस लंगडावं लागतं. फोड आलाच आणि तो लहान असेल तर फोडू नका. मोठा असून चालणंच अशक्य झालं असेल, तर जागा स्वच्छ करून निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवून पट्टी बांधा. नवे बूट घालून थेट ट्रेकला येऊ नका. पायाची नखं निघण्याआधी कापा आणि उतारावर घोट्याजवळची नाडी आवळा, नाहीतर बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळीनिळी होतात. भिजलेले बूट शेगडीला टेकवून वाळवू नका; तळव्याचा गोंद सुटतो, चामडं तडकतं. आत कागदाचे बोळे कोंबा आणि ते बदलत राहा.

सगळ्या केबिन सारख्या समजणं

नॉर्वेच्या ट्रेकिंग संघटनेच्या केबिन तीन प्रकारच्या आहेत: कुठे कर्मचारी आणि तयार जेवण, कुठे शिधा भरलेलं कपाट पण रांधायचं आपण, आणि कुठे शिधाही नाही. बिनकर्मचाऱ्यांच्या बऱ्याच केबिनना कुलूप असतं आणि संघटनेची किल्ली आधीच घ्यावी लागते. आल्प्समधल्या उंचावरच्या केबिन उन्हाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच चालू असतात. बहुतेक ठिकाणी चादर-लायनर (आत शिरून झोपायची पातळ कापडी पिशवी) आपलं लागतं, आणि सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ असू द्या.

बेत बदलला तर केबिनला फोन करून कळवणं कधीही चुकवू नका. तुम्ही पोचला नाहीत म्हणून तिथली माणसं काळजीत पडतात, शोधही सुरू होऊ शकतो. नोंदवहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहा. शोध घ्यायची वेळ आली तर त्या ओळीवरून दिशा कळते. लाकडाची शेगडी पेटवून झोपत असाल तर हवा खेळती ठेवा, कारण बंद खोलीतल्या विषारी वायूला वास नसतो.

हवामान आणि सामान

छप्पर मिळणार म्हणून उबेचे कपडे आणि रेनकोट घरी ठेवू नका. दर 1000 मीटर चढलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, आणि ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. वरचं कव्हर वाऱ्यानं उडतं. उन्हाळ्यात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून पहाटे निघा आणि दुपारपर्यंत खिंड ओलांडा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर डोंगराची धार सोडून खाली उतरायला लागा. बर्फ वितळून वाहणारे ओढे दुपारनंतर फुगतात, ते सकाळी ओलांडा, आणि पाण्यात उतरताना सॅकचा कमरपट्टा सोडा.

बिघडलंच तर

वाट चुकली असं वाटलं की पुढे जाऊन ‘कुठेतरी लागेल’ असं करू नका. शेवटची खात्रीची खूण दिसली तिथवर मागे या. थंडीत फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते, तो आतल्या खिशात ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या. युरोपात मदतीसाठी 112 लावा. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चनं मिनिटाला सहा खुणा करा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येतं. जखमी माणसाला एकटं सोडू नका. त्याच्या अंगावर पांघरूण घालण्याइतकंच त्याच्या खाली सॅक, दोर, जे मिळेल ते अंथरणं महत्त्वाचं आहे, कारण जमीन ऊब फार लवकर शोषते.