पाऊल लोंबतंय म्हणून चवडा ढकलत बसू नका

अंगावरून वारं गेलेल्या, म्हणजे स्ट्रोक झालेल्या, माणसाच्या घरी फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा गेले की दारातच कुणीतरी सांगतं, "मॅडम, व्यायामात आम्ही काही कमी ठेवलेलं नाही." मी म्हणते, करून दाखवा. मग मुलगा नाहीतर सून पलंगाशी बसते, हाताला खोबरेल तेल लावते आणि चवडा धरून पाऊल खटाखटा वर ढकलायला लागते. पन्नास वेळा, मोजून. पेशंट टीव्ही बघत असतो.

या एका दृश्यात तीन चुका आहेत आणि त्या बघून बघून मी थकले आहे.

पाऊल वर उचलणारा स्नायू नडगीच्या बाहेरच्या अंगाला असतो. स्ट्रोकमध्ये बिघाड त्या स्नायूत नसतो, मेंदूकडून येणारा हुकूमच तिथपर्यंत नीट पोचत नाही. त्याच वेळी मागची पोटरी कडक होत जाते आणि पाऊल खाली, आतल्या बाजूला ओढते. म्हणून पहिली चूक: अशा पोटरीला झटके दिले की ती जास्तच चवताळते. काहींचं पाऊल तर थडथड उडायला लागतं आणि घरचे हरखून जातात, "बघा, पायात जीव आला!" तो जीव नव्हे. त्याला क्लोनस म्हणतात आणि तो कडकपणाचीच खूण आहे. दुसरं, नुसत्या चवड्यावर जोर दिला तर पाऊल मध्येच वाकतं, पोटरीला ताण बसतच नाही. तिसरं, हे सगळं करतंय कोण? तुम्ही. ज्या मेंदूला शिकायचंय तो मालिकेत गुंतलाय.

मी असं करते. टाच तळहातात पेल्यासारखी धरते, तळपाय माझ्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातावर टेकवते. टाच खाली ओढते आणि पेशंटच्या डोक्याच्या दिशेने सावकाश झुकते. 30 सेकंद तसंच धरायचं, असं चार-पाच वेळा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा गुडघ्याखाली उशी घेऊन, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि त्यातला एकच गुडघ्याच्या वर जातो. घड्याळ लावलं तरी लोक 30 चे 12 करतात, म्हणून आज्यांना मी सावकाश तीस वेळा रामनाम घ्यायला सांगते. रामाला फसवायला कुणी धजत नाही.

मग टीव्ही बंद. पेशंटने पावलाकडे बघून ते स्वतः वर घ्यायचा प्रयत्न करायचा, केसभर हललं नाही तरी. गुडघा छातीकडे घेताना पुष्कळांचं पाऊल आपोआप थोडं वर येतं. तो क्षण पकडायचा आणि म्हणायचं, "आता इथेच धरा."

आणखी एक चूक चालण्याच्या फेऱ्यांची. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर माझ्याकडे होते, डावी बाजू गेलेली. मुलाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी 20 आणि संध्याकाळी 20 फेऱ्या लावल्या होत्या. फोनवर पावलं मोजून आकडा रोज घरच्या ग्रुपवर टाकायचा. मी गेले तोवर सात आठवडे झाले होते. आजोबा चालत होते खरे, पण कंबर उचलून, पाय बाहेरून कोयत्यासारखा फिरवत. टाच टेकतच नव्हती. आखडलेली पोटरी नडगीला पुढे येऊ देत नाही, म्हणून वजन पडलं की गुडघा खटकन मागे जायचा. गुडघ्याला सूजही आली होती. फेऱ्या बंद म्हटल्यावर मुलाने असं पाहिलं, जणू मी वडिलांची पेन्शनच बंद केली.

बाथरूमपर्यंत चालायचं, तेही स्प्लिंट (पाऊल लोंबू न देणारा आधार) घालून. बाकी वेळ खुर्चीवरून उठ-बस. डावं पाऊल उजव्याच्या थोडं मागे, टाच फरशीवर आणि टाचेखाली वर्तमानपत्राचा तुकडा. ते उठताना मी कागद हळूच ओढायचे. सुटून आला तर टाचेवर वजन नव्हतं, ती उठ-बस धरायची नाही. पहिल्या दिवशी दहातल्या दोन धरल्या. बसल्या-बसल्या टाच टेकवून चवडा उचलायला मी "क्लच सोडा" म्हणायचे. आजोबा भडकले, "बाई, एसटीच्या क्लचला टाच टेकवून भागत नाही, अख्खा पाय लागतो." मग मुलाच्या कारचा क्लच धरायचं ठरलं. फेऱ्यांना परवानगी मिळाली ती दीड महिन्याने. त्या दिवशीही मुलाने ग्रुपवर आकडा टाकला: 4.

स्प्लिंटची, म्हणजे एएफओची, एक तक्रार नेहमीची: "त्याची सवय लागेल, पाय आळशी होईल." म्हणून तो कपाटावर धूळ खातो आणि माणूस उंबऱ्याला ठेचकाळून पडतो. घाला. आत मोजा हवा आणि बाहेर मागून बंद असलेला बूट किंवा सँडल. नुसत्या स्प्लिंटवर फरशीवर चाललात तर घसराल. काढल्यावर कातडी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडे परत जा. मधुमेह असेल तर हे रोज बघायचं.

बाकीचं पटकन सांगते. हवाई चप्पल नको. पायावर जड गोधडी नको, ती रात्रभर पाऊल खाली दाबते. गरम पाण्याची पिशवी तर नकोच. स्पर्श कमी झालेल्या पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर आपल्याला कळतं. उभं करताना लुळा हात ओढू नका, खांदा जातो. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर. करंट देणारं मशीन ऑनलाइन मागवण्याआधी विचारा. पेसमेकर असेल तर विषयच संपला. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारे आणि "सात दिवसांत पाऊल उचला" म्हणणारे व्हिडिओवाले माझ्या लेखी एकाच माळेचे मणी. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, पुढेही होते, पण हळू. पोटरी फारच घट्ट असेल तर न्यूरॉलॉजिस्टला स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा, अंगठ्याने रगडू नका.

आणि एखाद्या दिवशी तीच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तेलाची बाटली खाली ठेवा. व्यायामही नको. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि दम लागत असेल तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.