शेणखत आधी कुजवा, मगच भाजीला घाला

वाफ्याला पाणी असूनही टोमॅटोची रोपं माना टाकत होती. एक उपटून पाहिलं, तर मुळं कुरतडलेली आणि मातीत वेटोळं घालून बसलेली पांढरी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेणखत मी घाईनं पसरलं होतं, त्यातूनच ती आली. तेव्हापासून खत कुजवण्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो.

उघड्या उकिरड्यावर ऊन-पावसानं खताचा कस जातो. म्हणून खड्डा करा. दोन-तीन जनावरं असतील तर २० फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट खोल पुरतो. जागा उंचावर हवी, पावसाचं पाणी आत शिरता कामा नये.

गोठ्यात जनावरांखाली पाचट, भुसकट, वाळला पाला अंथरा. शेणापेक्षा गोमूत्रात नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) जास्त असतं आणि नेमकं तेच आपण गटारात सोडतो. मूत्र प्यायलेला हा काडीकचरा रोज शेणासोबत खड्ड्यात टाका. बी धरलेलं गाजरगवत आणि हराळीच्या काशा (जमिनीत पसरणारी खोडं) मात्र टाकू नका, त्या पुन्हा वाफ्यातच उगवतात.

खड्डा एका टोकाकडून भरत या. थर कोरडा दिसला की पाणी शिंपडा. भरलेला भाग जमिनीच्या दीड-दोन फूट वर आला की शेणमातीनं लिंपून टाका आणि पुढचा भाग भरायला घ्या. लिंपल्यापासून चार-पाच महिने थांबायचं. फेब्रुवारीत लिंपलेलं खत पावसाळी भाज्यांच्या वेळी हाताशी येतं.

तयार झालं की नाही, हे हातानंच कळतं. काळपट, भुसभुशीत, ओल्या मातीचा वास. शेणाचा वास येत असेल किंवा आत खुपसलेली सळई गरम निघाली तर अजून थांबा. खत उपसताना हुमणीच्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

लागवडीआधी दोन-तीन आठवडे गुंठ्याला २०० ते २५० किलो, म्हणजे एकराला ८ ते १० टन खत घाला. टनाला १ किलो ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर मर रोगाला, म्हणजे रोपं सुकून मरण्याला, आळा बसायला मदत होते. पसरलं त्याच दिवशी कुळवानं किंवा कुदळीनं मातीत मिसळा. उन्हात पडून राहिलं तर नत्र हवेत उडून जातो.

शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, त्यामुळे कोबी, वांगी, टोमॅटोला माती परीक्षणाप्रमाणे वरखतही (पीक वाढताना वरून द्यायचं खत) लागेल. शेळ्या-मेंढ्यांचं लेंडीखत शेणखताहून कसदार. कोंबडीखत फार गरम: ते कुजवूनच आणि शेणखताच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

मेथी, पालक, कोथिंबीर मातीलगत वाढतात आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो, म्हणून तिथे ताजं शेण मुळीच नको. गाजर-मुळ्यालाही नको, मुळांना फाटे फुटतात. त्यांच्यासाठी आधीच्या पिकाला भरपूर खत दिलेला वाफा ठेवा.