पर्यावरणशास्त्र शिकायचे, पण कोणत्या कामासाठी?

पर्यावरण संवर्धनाच्या क्षेत्रात काम करण्याचा विचार असेल, तर महाविद्यालयाचे माहितीपत्रक उघडण्याआधी त्या कामासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता वाचून काढावी. भारतीय वन सेवेचेच पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय असावा लागतो, नाहीतर पदवी कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकी यांपैकी एका शाखेची असावी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचे नाव नाही, आणि हे अनेकांना तिसऱ्या वर्षाला गेल्यावर कळते. म्हणून पर्यावरणशास्त्र घेतले तरी जोडीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र ठेवावे. वनविद्येचाच ओढा असेल तर दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत तिची चार वर्षांची पदवी आहे.

पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय मात्र या तयारीत धरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो अभ्यासक्रमात आला हे चांगलेच झाले, पण आदल्या वर्षीच्या मुलांची प्रकल्पवही उतरवून तो सुटतो, हे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही जाणतात.

खरी तयारी म्हणजे मोजायला शिकणे. नदी घाण झाली आहे असे कोणीही म्हणेल; किती, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत हाताखालून जाऊ द्यावी. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहील अशी भरून काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालावे लागते, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी पूर्वीचे राहत नाही. त्याने तयार होणारा साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. म्हणजे ब्युरेट, ही द्रव मोजून सोडण्याची नळी, हातात घेण्याआधीच नदीने अर्धे उत्तर दिलेले असते. पुढे आम्ल घालून साका विरघळवायचा, थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे ते थेंबथेंब सोडत जायचे, आणि त्यात घातलेल्या स्टार्चचा निळा रंग गेला की आकडा टिपायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीयोग्य पाण्यात हा आकडा लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. आपल्या गावच्या घाटावर तो एप्रिलमध्ये किती येतो आणि ऑगस्टमध्ये किती, हे एकदा स्वतः पाहावे.

पाण्याप्रमाणे जमीनही एकच धरावी आणि वर्षभर सोडू नये. जवळच्या टेकडीवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या बाहेरून आणलेल्या झाडाच्या लागवडीखाली पाच आणि उघड्या गवताळ उतारावर पाच अशा एक मीटर लांबीरुंदीच्या चौकटी सुतळीने आखून दर महिन्याला त्यांतील वनस्पती मोजल्या, तर लावलेली झाडी आणि मूळचे गवताळ रान यांतला फरक पुस्तकाशिवाय कळतो. वहीत ‘भरपूर गवत’ असे लिहू नये. कुसळी गवत किती, तेरड्याची रोपे किती, तारीख, वेळ आणि पाऊस होता की नाही, हे लिहावे. नाव ओळखता आले नाही तर ‘अनोळखी १’ लिहून नमुना कागदात दाबून ठेवावा. अंदाजाने शास्त्रीय नाव ठोकून देण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. या आकड्यांवर संख्याशास्त्र शिकावे, आणि नकाशे करण्यासाठी क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली पुरते.

कायद्यांची केवळ वर्षे पाठ असून भागत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, हे ठाऊक असावेच, पण त्यांच्या आधारे कामकाज कसे चालते ते पाहायला एखाद्या जनसुनावणीला जाऊन मागे बसावे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, आणि या मूल्यांकनाच्या अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो मराठी गोषवारा आधी मिळवून वाचावा. बहुतेकदा तो मराठी अक्षरांत लिहिलेला इंग्रजी मजकूर असतो. शास्त्र जाणणारा आणि सरळ मराठी लिहिणारा माणूस या क्षेत्रात किती हवा आहे, हे तिथे समजते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी वन्यजीवांकडे कल असल्यास डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या प्रवेश परीक्षा पाहाव्यात. प्रदूषण आणि व्यवस्थापनाकडे असल्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे. पदवीच्या सुट्ट्यांत मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या निसर्ग अभ्यास संस्थेचे पक्षी किंवा वनस्पती ओळखण्याचे अभ्यासक्रम करता येतात. पहिली नोकरी बहुधा एखाद्या संस्थेच्या ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर किंवा सल्लागार कंपनीत मिळते आणि पगार बेताचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवावे. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फायलीत चौकटींची वहीही ठेवावी. पानांवर चिखलाचे डाग असले तरी ती पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवू नये.