तुंबलेली कॅज्युअल्टी वॉर्डाच्या टोकाकडून मोकळी करा

कॅज्युअल्टी, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, भरली की सगळे दाराकडे बोट दाखवतात: सर्दी-तापवाले ओपीडीत का जात नाहीत? पण सर्दीवाला ट्रॉली अडवत नाही, बाकावर बसतो आणि गोळ्या घेऊन जातो. ट्रॉली अडते ती केसपेपरवर ‘ॲडमिट’ लिहून सात तास झाले तरी वर बेड न मिळालेल्या पेशंटमुळे. म्हणून आधी तेच मोजा. सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८ वाजता फळ्यावर तीन आकडे लिहा: एकूण पेशंट, ॲडमिट होऊनही खालीच असलेले, आणि त्यांतला सर्वांत जुना किती तासांचा. फळा अधीक्षकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावा.

बेड दुपारपर्यंत का सुटत नाही? राऊंड ११ ला संपतो, डिस्चार्ज कार्ड २ ला लिहिलं जातं, गोळ्या हातात पडेपर्यंत ३ वाजतात, आणि मुलगा कामावरून सुटून ६ ला न्यायला येतो. यातलं बहुतेक काम आदल्या संध्याकाळी उरकतं. उद्या कोण जाणार ते संध्याकाळच्या राऊंडलाच ठरवा, नातेवाइकांना तेव्हाच ‘उद्या १० ला या’ सांगा, इंटर्नकडून कार्ड रात्री लिहून घ्या. सकाळी पेशंट पुन्हा तपासायचा आणि सही करायची. गाडीची वाट बघणाऱ्याला खुर्चीवर बसवा, म्हणजे मावशींना गादी पुसून चादर बदलता येते.

तरीही जागा नसेल तर प्रत्येक वॉर्डाने एकेक स्थिर पेशंट आपल्या पॅसेजमध्ये घ्यावा. न्यू यॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक रुग्णालयाने ही पद्धत रूढ केली. वॉर्डाच्या सिस्टर कुरकुरतात, आणि त्यांच्यावरचा ताण खरा आहे. पण एक जादा पेशंट सांभाळणं आणि खाली एकटीने वीस सांभाळणं यांत फार फरक आहे. हा आदेश अधीक्षकांचा लेखी हवा. रात्री २ वाजता रेसिडेंट डॉक्टरने फोनवर विनवण्या करून बेड मिळत नाही.

दाराशी अनुभवी सिस्टर बसवा, केसपेपरच्या खिडकीच्या आधी. हाताशी पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९० च्या खाली, वरचं बीपी ९० च्या खाली, श्वास मिनिटाला ३० च्या वर, बेशुद्धी, चालू झटका (फीट), न थांबणारा रक्तस्राव: मोठ्या माणसात यातलं एकही दिसलं तर लाल, म्हणजे सर्वांत तातडीचा, थेट आत. बेशुद्ध किंवा झटका आलेल्याची साखर तिथेच बघा. छातीत दुखत असेल तर १० मिनिटांत ईसीजी. मधुमेही किंवा वयस्कर बाई ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणाली तरीही. एमएलसी, म्हणजे पोलीस केस, असली तरी उपचार आधी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालात हेच बजावलंय.

सर्वांत जास्त चूक होते ती पिवळ्यांत, म्हणजे लाल नसलेल्या पण लवकर बघायला हव्यात अशा पेशंटमध्ये. ११ ला पिवळा ठरलेला माणूस १२ ला बाकावर घामाघूम होतो आणि गर्दीत कुणाला दिसत नाही. दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, सॅच्युरेशन पुन्हा घ्या आणि वेळ केसपेपरवर टाका.

पॅसेजमधल्या पेशंटच्या ऑक्सिजनवरही लक्ष हवं. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो; मिनिटाला ५ लिटरने ५ तास, १० लिटरने अडीच तास. सिलिंडरवर चिकटपट्टी लावून सुरू केल्याची वेळ आणि लिटर लिहा. काटा लाल पट्ट्यात जायच्या आत दुसरा सिलिंडर शेजारी उभा असला पाहिजे, स्पॅनरसकट.