घरच्या सामानातून मॉडेल रेल्वे: या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचं सामान बाहेरून मागवावं लागतं आणि महाग पडतं. त्यामुळे डोंगर, शेतं, घरं, झाडं घरातल्या आणि बाजारातल्या साध्या वस्तूंतून करणं केव्हाही शहाणपणाचं. पण काटकसर कुठे थांबवायची हे न पाहिल्यामुळे त्याच त्या चुका वर्षानुवर्षं दिसतात. आधी एवढं डोक्यात पक्कं करा: चाकाला, रुळाला आणि मोटरला ज्याचा स्पर्श होतो किंवा जे त्यांच्याजवळ असतं, तिथे पैसे वाचवू नका. बाकी सगळीकडे खुशाल वाचवा. खालची सगळी मापं एचओ स्केलची, म्हणजे 1:87 ची (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) आहेत.

नदीची वाळू थेट रुळांत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बारीक वाळू फुकट मिळते, दिसायला खडीसारखी दिसते, मग चाळून टाकली की झालं, असं वाटतं. पण भीमा काय, सीना काय, सोलापूरजवळच्या दोन्ही नद्या काळ्या पाषाणातून वाहत येतात. या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला चटकन चिकटणारं लोखंडाचं खनिज. दगड झिजला की ते वाळूत उतरतं. वाळूच्या ढिगाला पावसाच्या पाण्याने ज्या काळ्या रेघा पडतात, त्यांत याचाच भरणा असतो.

आता इंजिनाकडे बघा. त्याच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं आणि गिअरबॉक्सचा तळ रुळाच्या माथ्यापासून जेमतेम एक-दोन मिलिमीटर वर. खडीतला सुटा काळा कण इंजिन वरून जाताना उडून आत जातो. पहिले आठ-पंधरा दिवस काहीच कळत नाही. मग इंजिन अडखळू लागतं. रूळ मळले असतील म्हणून रूळ पुसले जातात. पुढे गाडी हाताने ढकलल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा कंट्रोलरवर संशय येतो आणि नवा मागवला जातो. शेवटी इंजिन उघडल्यावर खरा प्रकार दिसतो: आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) आणि चुंबकाच्या फटीत काळ्या कणांची उभी झालर, वर्मवरच्या (गिअर फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या दांड्यावरच्या) ग्रीसमध्ये त्याच कणांचा लेप आणि प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झिजून टोकदार झालेले. ग्रीस आणि वाळू एकत्र आली की पॉलिश पेपरचंच काम होतं. तो एक गिअर सुटा मिळेलच असं नाही, त्यामुळे पाकीटभर खडीचे पैसे वाचवताना इंजिन जातं.

क्रशरची कच वापरली तरी तेच, कारण तोही बेसाल्टच. रंग अगदी आपल्या भागातल्या खडीसारखा दिसतो म्हणून मोह होतो, पण तो टाळा.

त्याऐवजी जाडी पांढरी रांगोळी घ्या. रंगीत नको, तिचा रंग पाणी लागताच पसरतो. खऱ्या रुळांखालची खडी साधारण 20 ते 65 मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्याला पाव ते पाऊण मिलिमीटरचा दाणा हवा. चहाच्या गाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच रांगोळी ठेवा. एक किलोला भिंतीच्या इमल्शनचे दोन मोठे चमचे, थोडं पाणी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या स्टेनरचे सात-आठ थेंब, जोडीला तांबूस स्टेनरचे दोन. हाताने चोळून कागदावर पसरा आणि वाळली की पुन्हा चाळा. पोस्टर कलर चालत नाही, गोंदाच्या पाण्याबरोबर तो वाहून येतो.

यानंतरही चुंबक फिरवायचंच. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पसरलेल्या खडीवरून बोटभर उंचीवरून न्या. काही चिकटलं तर पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा, कण आपोआप गळतात. काहीच चिकटेनासं होईपर्यंत हे करा. रुळांत खडी बसवून वाळल्यावर पुन्हा एकदा. दहा मिनिटांचं काम आहे, पण घाईत नेमकं हेच राहतं.

खडी चिकटवतानाही घाई नडते. फेविकॉलचं पाणी कोरड्या खडीवर सोडलं की त्याचे गोल थेंब होतात आणि खडी त्यांच्याबरोबर तरंगत स्लीपरवर चढते. आधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेलं पाणी स्प्रेने मारून खडी पूर्ण भिजवा. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि लिक्विडचा एक थेंब, हे ड्रॉपरने रुळांच्या मधून सोडा. पॉइंटच्या, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जागेच्या, हलत्या पात्यांपासून दोन सेंटीमीटरपर्यंत गोंद नको. तिथे खडी विरळ राहिलेली परवडते, पण पाती कायमची चिकटली की पॉइंट उखडावाच लागतो.

रवा, भगर, खसखस खडी म्हणून वापरू नका. मुंग्या आणि पोरकिडे लागतात, मागोमाग उंदीर येतात.

रूळ टोकाला टोक भिडवून बसवणं

सोलापुरात थंडीत पहाटे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो आणि मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. निकेल-सिल्व्हरचा 900 मिलिमीटरचा एक रूळ तीस अंशांच्या फरकाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. असे चार रूळ डिसेंबरात घट्ट भिडवून सांधे सोल्डरने डागले, तर मे महिन्यात दोन मिलिमीटर लांबीला जायला जागाच नसते. ती सगळी वाढ एका कमकुवत जागी बाहेर पडते, आणि फुटभर अंतरात तेवढी वाढ जिरायची म्हणजे रूळ बाजूला सेंटीमीटरहून जास्त बाक घेतो. तिथे गाडी घसरते. मग खिळे ठोकून रूळ सरळ केले जातात आणि बाक शेजारच्या सांध्यावर सरकतो.

खिळ्याने हा प्रश्न सुटत नाही, फटच ठेवावी लागते. थंडीत रूळ बसवत असाल तर प्रत्येक सांध्यात दोन व्हिजिटिंग कार्डं एकत्र धरून घाला आणि रूळ पक्के झाल्यावर काढा. मार्च-एप्रिलमध्ये एक कार्ड पुरे. सांधे डागू नका. त्याऐवजी प्रत्येक तुकड्याला बाहेरच्या बाजूने स्वतंत्र वायर डागून ती खाली घरगुती वायरिंगच्या 1 स्क्वेअर मिलिमीटर तारेला जोडा. टेलिफोनची जुनी बारीक वायर मुख्य लाइनला वापरली की लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं. ती वायर सिग्नलच्या दिव्यांसाठी ठेवा.

रूळ साफ करायला तारेची घासणी

कधीच नको. तिचे केसासारखे पोलादी तुकडे थेट मोटरच्या चुंबकावर जाऊन बसतात. जुन्या सुती बनियनचा तुकडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढंच लागतं. सँडपेपरने रुळावर ओरखडे पडतात आणि त्यांत धूळ आणखी भरते.

गिअरला खोबरेल तेलही नको. चोवीस अंशांच्या आसपास ते थिजतं, म्हणून जानेवारीच्या सकाळी इंजिन जागचं हलत नाही. उन्हाळ्यात त्याचा चिकट थर होतो. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल घ्या, प्रत्येक ठिकाणी सुईच्या टोकावर राहील एवढंच.

थर्माकोल आणि चुकीचा गोंद

डोंगरासाठी थर्माकोल विकत आणू नका, फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगमधला भरपूर मिळतो. मात्र चपला-रेक्झिन चिकटवायचा रबरी गोंद किंवा डब्यातला स्प्रे रंग त्यावर गेला की तो विरघळून खड्डे पडतात. फेविकॉल चालतो, पण दोन मोठ्या थरांमध्ये हवा पोचत नाही. कडेने वाळलेला दिसतो आणि मध्ये चार दिवस ओलाच राहतो. पूर्ण पृष्ठभागावर फासू नका, बोटभर अंतराने ठिपके द्या, वर वजन ठेवा आणि चार दिवस हात लावू नका. कापल्यावर उडणारे दाणे लगेच व्हॅक्यूमने उचला, तेही गिअरमध्ये जातात.

त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही. एक वाटी पाण्याला दोन वाट्या पावडर. घट्ट व्हायला लागल्यावर पुन्हा पाणी घालून ढवळलेलं प्लास्टर ठिसूळ होतं, ते टाकून द्या.

टॉवेलचं शेत

सोलापूरकरांना हे सामान घराघरात आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची कात्रणं शेतासाठी उत्तम, फक्त लोक ती कापून तशीच चिकटवतात आणि ती टॉवेलच दिसतात. कारण त्यातले गोल फास. धारदार कात्रीने किंवा ट्रिमरने फासांची टोकं उडवा, म्हणजे मोकळे धागे उभे राहतात. पातळ फेविकॉल आणि हिरवट-पिवळ्या रंगात बुडवून पिळा, बसवा आणि अर्धवट वाळल्यावर जुन्या टूथब्रशने उलट विंचरा. चार मिलिमीटरचा धागा प्रत्यक्षात फुटाहून थोडा जास्त होतो, म्हणजे गवत किंवा कोवळं हरभऱ्याचं रान. उभी ज्वारी दोन मीटरची धरली तर 23 मिलिमीटर लागते. ती टॉवेलातून होत नाही, त्यासाठी केरसुणीचे शेंडे घ्या.

मापाकडे असंच दुर्लक्ष सगळीकडे होतं. आइस्क्रीमची दहा मिलिमीटरची काडी प्रत्यक्षात पाऊण मीटरहून रुंद फळी होते, दाराला ती भयंकर दिसते. अगरबत्तीची मसाला उतरवलेली काडी मात्र खांबाला अगदी बरोबर, सुमारे अकरा-बारा सेंटीमीटर जाडीची. एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, अशी कागदाची पट्टी करून टेबलावरच चिकटवा. जुन्या बार्शी लाइटसारखी 762 मिलिमीटरची छोटी लाइन करायची असेल, तर याच स्केलला एन गेजचा (मॉडेल रेल्वेच्या आणखी छोट्या मापाचा) 9 मिलिमीटरचा रूळ चालतो.

घरांसाठी लग्नपत्रिकांचा जाड कागद चांगला. एकाच बाजूने रंगवला की वाकतो, म्हणून आतूनही एक हात मारा.

वीज

लॅपटॉपचा 19 व्होल्टचा ॲडॅप्टर नको, मोटर जळते. 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा ॲडॅप्टर आणि पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग बदलणारा) स्पीड कंट्रोलर पुरतो. रुळाकडे जाणाऱ्या एका तारेत मोटारगाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब मालिकेत जोडा. गाडी घसरून शॉर्ट झालं की बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही. बल्ब तापतो, म्हणून होल्डरमध्ये बसवा आणि थर्माकोलपासून वीतभर लांब ठेवा.